दप्तराचा पट्टा

थोरलीने पट्टा मशीनवरून काढला, दोरा दातांनी तोडला आणि दप्तर टेबलावर आपटलं. "घ्या. झालं हिचं दप्तर."

हिचं म्हणजे तिच्या धाकट्या जावेचं. शिवणाच्या त्या कारखान्यातल्या बायका उरल्यासुरल्या कापडाच्या पिशव्या शिवून विकत आणि त्या पैशांवर दरवर्षी आपल्यातल्या एकीला पुन्हा शाळेत धाडत. जिची निवड होई तिचं दप्तर सगळ्यांनी मिळून शिवायचं, कुणी खिसा, कुणी झाकण, कुणी पट्टा. यंदा दोघी जावांनी शाळेत जायला मागितलं होतं. शाळा धाकटीला मिळाली, थोरलीच्या वाट्याला आला पट्टा.

कारण काय, तर थोरलीसारखं माप कुणाला घेता येत नाही, ती गेली तर कारखाना बसेल. धाकटी नुसती बटणं लावते, ती काय कुणीही लावेल. म्हणजे काम चांगलं करणारी राहिली आणि बेताचं करणारी निघाली दहावीला! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. वर जी ती बाई तिचं कौतुक करी, की मास्तरीण, तुझ्या हातात एवढी कला, तुला कशाला हवी शाळा? सातवीतच शाळा सुटलेल्या बाईला मास्तरीण म्हणताना यांच्या जिभा कशा झडत नाहीत, असं तिला वाटे. काल घरी दीर बायकोच्या वह्यांना कव्हरं घालत बसलेला दिसला, तर ती भरल्या ताटावरून उठली.

काज करणाऱ्या आजीने दप्तर धाकटीच्या खांद्याला अडकवलं. टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. दप्तर पार गुडघ्यावर लोंबत होतं.

धाकटी जेमतेम थोरलीच्या खांद्याला लागायची. तिचे कपडे थोरलीच बेतायची, तेही नुसत्या नजरेने.

"मास्तरीण, तुझं माप चुकलं?" आजीने विचारलं.

तेव्हा कुठे थोरलीच्या लक्षात आलं. सकाळी पट्टा कापताना तिने टेप लावलीच नव्हती. आरशासमोर उभी राहून तो स्वतःच्याच खांद्यावर टाकून पाहिला होता, आणि चांगला बसला होता. तिचे कान तापले. आण इकडे, कापते, म्हणत तिने कात्री उचलली.

धाकटीने पट्टा सोडला नाही. सावकाश त्याला एक गाठ मारली. दप्तर कमरेशी नीट आलं.

"कापू नका, जाऊबाई. पुढच्या वर्षी ही गाठ सोडायची आहे. तोवर मला माप घ्यायला शिकवून ठेवा."

"शाळेत जायच्या आधीच शहाणी झाली मेली," असं पुटपुटत थोरलीने गळ्यातली टेप काढली आणि तिच्या अंगावर फेकली.