पारखीचा पाय

आकाराम दवाखान्यातल्या पलंगावरून तिसऱ्यांदा उठला आणि तिसऱ्यांदा तानाबाईनं त्याला खाली बसवलं.

"बसा की गप," ती म्हणाली.

नवऱ्याच्या उजव्या पायाला पट्टी होती. आत अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती. ती कधी झाली हे त्याला सांगता येत नव्हतं. फरशीवर रक्ताचे ठसे तानाबाईला दिसले, तेव्हा घरात कळलं. साखरेचा आजार बारा वर्षांचा होता.

जखम उद्या साफ करायची होती. जमलं नाही तर अंगठा काढायचा होता. त्याआधी हृदय बघायचं म्हणून सकाळी रक्त नेलं. चार तासांनी पुन्हा नेलं. दुसऱ्यांदा का, ते कुणी सांगेना. आकारामचा जीव थाऱ्यावर नव्हता. घरी चपलांचे अकरा जोड अर्धे पडले होते. शेजारच्या खाटेवरच्या पावण्याला तो सारखा सांगत होता, की छातीत दुखत न्हाय, पायात दुखत न्हाय, चांगल्या माणसाला डांबून ठेवलंय.

त्याच्या घराची एक रीत होती. नवा जोड झाला की तो गिऱ्हाइकाला देण्याआधी आकाराम स्वतः दिवसभर घालून हिंडायचा. ही बापाची शिकवण. कातड्याच्या वादीची गाठ कुठं टोचली, की ठोकून बसवायची. नवी कोल्हापुरी चावते, आकारामची चावत नाही, असं लोक म्हणायचे.

गेल्या वर्षभरात मात्र जोड परत येऊ लागले. बापाच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक रुद्राप्पा, सीमेकडचा कापडवाला, एकच जोड घेऊन तीनदा आला. तिसऱ्या वेळी आकारामनं त्याला चारचौघांत सुनावलं, "दिवसभर घालून हिंडलोय मी. चप्पल न्हाय चावत. गादीवर बसून तुमचा पाय नाजूक झालाय."

लोक हसले. रुद्राप्पा जोड तिथंच टाकून निघून गेला. त्याला खोटं पाडायचं म्हणून आकारामनं तोच जोड आठ दिवस पायात घातला. तो आता पलंगाखाली होता.

दिवेलागणीला डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. छातीत कधी दुखलं, विचारलं. कधीच नाही, तो म्हणाला. मग घाम, धाप? काल जिना चढताना घाम फुटला होता, मधेच पायरीवर बसावं लागलं होतं. पण दुखलं नव्हतं.

"मामा, हृदयाला इजा झाली की त्यातलं थोडं रक्तात उतरतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या रक्तात ते सापडलंय. दुसऱ्या वेळी आणखी वाढलंय. काल तुम्हाला झटका आला, मामा. साखरेनं पायाच्या नसा बधिर केल्या, तशा छातीच्याही. दुखलं नाही म्हणजे काही झालं नाही, असं समजू नका."

आता हृदयाच्या विभागात हलवायचं, एक पाऊलही चालायचं नाही, असं बजावून त्या तयारीला गेल्या. तानाबाईनं पदर तोंडाला लावला.

आकारामनं पट्टीच्या पायाकडं बघितलं. मग त्यानं तिला पलंगाखालची उजवी चप्पल काढायला लावली.

"अंगठ्यापाशी हात फिरव."

तानाबाईनं बोट फिरवलं आणि झटकन मागं घेतलं. वादीचं सुकलेलं टोक काट्यासारखं वर आलं होतं. आजूबाजूचं कातडं काळं पडलं होतं. आकाराम चप्पल बघत नव्हता, तिचं तोंड बघत होता.

दिवसभरात पहिल्यांदाच तो कुणी न सांगता आडवा झाला.

"रुद्राप्पाला सांगावा धाड," तो म्हणाला. "चप्पल चावत हुती, म्हणावं."