भेगेवरची काच

पाहुण्यांची पाचवी तुकडी जिना चढून दुसऱ्या मजल्यावर आली, तरी एटेल्का भिंतीला पाठ लावूनच उभी होती. सकाळी दहापासून ती तिथून हलली नव्हती.

"काकू, तुम्ही इथंच राहता? काय नशीब!" एक पाहुणी म्हणाली. "जरा बाजूला होता? त्या नक्षीचा फोटो काढते."

"माझ्यासकट काढा," एटेल्का म्हणाली. "नक्षीपेक्षा फार लहान नाही मी."

लोक हसले. एटेल्काच्या खांद्यामागे भिंतीला भेग होती. भेगेवर काचेची पट्टी होती. ती पट्टी आज सकाळी तुटली होती.

बुडापेस्टच्या सातव्या पेठेतली शंभरी ओलांडलेली घरं वर्षातून एकदा सगळ्यांसाठी उघडतात. लोक जिन्यातल्या रंगीत काचा बघतात, चौकात उभं राहून माना वर करतात, घरच्यांनी भाजलेली ‘पोगाचा’ नावाची खारी बिस्किटं खातात. यंदा या घराची पाळी होती. रहिवाशांच्या सभेत नाही कोण म्हणणार? दार बंद ठेवलं असतं, तर यांना काहीतरी लपवायचंय असं पालिकेला वाटलं असतं. सगळ्यांनी हात वर केले. एटेल्कानं सगळ्यात आधी.

गेल्या ऑक्टोबरात इंजिनिअर आला होता. भेग एकच, तळापासून छपरापर्यंत. तिच्यावर त्यानं मजल्यागणिक एक अशा तीन काचा प्लास्टरनं बसवल्या आणि तारीख कोरली. पहिल्या मजल्यावर कोर्नेलच्या दाराशी, दुसऱ्यावर एटेल्काच्या, तिसऱ्यावर विल्माच्या. "काच धड आहे तोवर घर जागच्या जागी आहे," तो म्हणाला. "तुटली, तर घर हलतंय. मग रिकामं करायचं."

रिकामं करायचं म्हणजे काय, ते गल्लीला ठाऊक होतं. अकरा नंबरच्या लोकांना चार महिन्यांसाठी शहराबाहेरच्या वसाहतीत हलवलं होतं. त्याला तीन वर्षं झाली. अकरा नंबरात आता हॉटेल आहे.

एटेल्काची काच फेब्रुवारीतच तुटली. भर दुपारी, टक् करून. तिचा नवरा तसबिरी मढवायचा. काच कापायचा हिरा घरातच होता. तिनं त्याच्याच फोटोवरची काच काढली, पट्टी कापली, इंजिनिअरच्या अक्षराबरहुकूम तारीख कोरली आणि चिकटवली. मग रोज काही ना काही निमित्त काढून ती वरखाली जायची. कोर्नेलची काच धड. विल्माची धड. एक चराही नाही. तेवढ्यावर ती झोपू शकायची. घर हलत असतं तर तिन्ही तुटल्या असत्या. आपलीच तुटली, म्हणजे आपल्याच भिंतीचा गिलावा थंडीनं आखडला असणार.

पण आता मे महिना होता. थंडी नव्हती. आणि नवी काचही तुटली होती. मंगळवारी इंजिनिअर तपासायला येणार होता. त्याआधी दुसरी बसवता येईल, फक्त आजचा दिवस पार पडायला हवा.

गॅलरीत एका वेळी पंधरा माणसं, अशी पाटी होती. एटेल्कानं मोजली. अठ्ठावीस. सगळी कठड्याला रेलून खाली चौकातली फरशी बघत होती. एका बापानं मुलीला खांद्यावर घेतलं होतं.

खाली पहिल्या मजल्यावर कोर्नेलनं जुन्या फोटोंचा मोठा फळा भिंतीला टेकवला होता आणि कुणाला तो धड बघूही देत नव्हता. "चला, पुढं चला! लग्नाला आलात का? वाट सोडा!" आता तो माणसं मोजायला चौकात उतरला होता. वरच्या जिन्यात विल्मा खुर्ची आडवी टाकून बसली होती. "वर काही नाही बघायला. माझा कुत्रा चावतो," ती प्रत्येकाला सांगत होती.

"त्याला दात कुठंयत गं?" एटेल्कानं सकाळी विचारलं होतं.

"तू तुझं बघ," विल्मा फिसकारली होती. माणसांचा तिटकारा विल्माला पहिल्यापासूनच.

एटेल्काच्या कॉलरमध्ये काहीतरी बारीक पडलं. तिनं हात फिरवला. वाळू. खांद्यावरच्या मुलीनं बोट दाखवलं.

"बाबा, आजींच्या डोक्यावर पांढरं पांढरं पडतंय."

"जुनं घर आहे ना, राणी," बाप म्हणाला आणि फोटो नीट घेता यावा म्हणून कठड्याकडे आणखी सरकला.

त्याच क्षणी एटेल्काच्या पाठीला काचेचं टोक टोचलं. ती हलली नव्हती. भिंत हलली होती.

डोळ्यांपुढं तिला वसाहतीतली एक खोली दिसली, एकाच खिडकीची. मग तिनं मुलीच्या चपला पाहिल्या, बापाच्या छातीवर लोंबणाऱ्या. एटेल्का भिंतीपासून बाजूला झाली.

"कोर्नेल!" ती ओरडली. आवाज चौकभर घुमला. "माणसं बाहेर काढ! माझी काच तुटलीय! फेब्रुवारीतच तुटली होती. मी बदलली!"

सगळा गलका थांबला. खाली कोर्नेल मान वर करून तिच्याकडे बघत राहिला.

"एटाकाकू," तो म्हणाला, "तुमचीसुद्धा?"

मग त्याची नजर तिच्याही वर गेली, तिसऱ्या मजल्याकडे.

"विल्माकाकू! तुमची तरी इंजिनिअरनं लावलेलीच आहे ना?"

विल्मा उत्तर द्यायला थांबली नव्हती. ती जिन्यातल्या लोकांना पुढं घालून धावत खाली येत होती.