दाराची खोड

कित्येक वर्षांनी तो परदेशातून घरी परतला, आणि ज्या दारातून ये-जा करत लहानाचा मोठा झाला तेच दार काही केल्या उघडेना. शेवटी आईनंच आतून उघडलं.

"जरा उचलून ढकलायचं असतं. घरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही."

"विसरलो गं."

आई हसली नाही. चहात साखर नको म्हणाला, तेव्हा तिनं त्याच्या बहिणीकडे पाहिलं. बहीण गुपचूप आत निघून गेली.

एवढ्यात बाहेर पावलं वाजली. कुणीतरी दार अलगद उचललं आणि सहज ढकललं.

आईचा जीव भांड्यात पडला.

"आलास बाबा! हा बघ ना कोण आलाय. मघापासून स्वतःचं म्हणून तुझंच नाव सांगतोय."