ओठावरचा डाग

शिलाईच्या कारखान्यात जादा काम असलं की दुसऱ्या दिवशी ह्यांच्या ओठावरचा डाग काळाभोर व्हायचा. नेमका त्याच जागी, दोन महिने. तिथे काज-बटणं करणारी एक बाई आहे, सतत खिदळणारी. माझ्या डोक्यात संशयाचा किडा वळवळायला लागला. शेवटी ह्यांना ओढत डॉक्टरांकडे नेलं. “दुखण्यावरची गोळी घेता का?” डॉक्टरांनी विचारलं. “काहींना ती मानवत नाही. घेतली की दरवेळी त्याच जागी डाग उठतो.” माझा जीव भांड्यात पडला. ह्यांनी खिशातून गोळी काढली. कापड बेतायच्या खाकी कागदात जपून गुंडाळलेली, वर खडूने लिहिलेलं: ‘जेवल्यावरच घ्या.’ अक्षर ह्यांचं नव्हतं. “कोणी दिली ही?” मी फणकारले. “काज-बटणवालीने,” हे म्हणाले, “मशीनवर वाकून वाकून पाठ धरते ना माझी.” दोन महिने मी ह्यांचा ओठच न्याहाळत होते. पाठ तिने पाहिली होती.