शेंदराखालचा दगड

एक पहार. शेंदराची पुडी. मागाच्या खुंटीवर विसरलेलं भाकरीचं फडकं. होटगीची स्वस्त माळजमीन.

एकोणतीस साली सोलापुरात घरपट्टी वाढली. शिवयोगीचा आठ मागांचा कारखाना म्युनिसिपालिटीच्या हद्दीच्या दगडापासून जेमतेम चाळीस पावलं आत. वाढीव पट्टी बसली तर माग शहराबाहेर, लांब होटगीला नेईन, असं त्यानं कामावरच्या बायांना सांगून टाकलं. मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी गंगम्मा त्या दिवशी जेवली नाही. तिचा नवरा आंधळा. त्याला टाकून ती रोज होटगी कशी गाठणार?

अमावास्येला माग बंद असतात. भर दुपारी, आसपास कुणी नाही असं बघून शिवयोगीनं पहारीनं दगड उपटला, हातगाडीवर घातला आणि कारखान्याच्या अलीकडं, शहराच्या बाजूला पुरला.

दुसऱ्या सकाळी दगडाला शेंदूर होता. लोक भोळे, एवढंच त्याच्या मनात आलं. पुढं गंगम्मा येता-जाता तिथं कपाळ टेकवायची, आणि तो उगाच सूत चाचपत बसायचा.

मोजणीची साखळी घेऊन म्युनिसिपालिटीचे ओव्हरसियर आबासाहेब आले. कागदात हद्द 'दगडापर्यंत' एवढीच. दगड सरकल्यासारखा वाटत होता, पण उकरून बघायला त्यांचे हात धजेनात. त्यांनी गंगम्माला बोलावलं, दगडावर हात ठेवायला लावला.

"खरं सांग बाई. हा पहिल्यापासून इथंच आहे?"

"व्हय की. माज्या सासूनं बी हितंच पानी घातलं याला. तुमीच काल आलासा, सायेब."

बाया पदराआड हसल्या. आबासाहेबांनी वहाणा काढून नमस्कार केला. पट्टी टळली.

शिवयोगी मात्र भरल्या ताटावरून उठला. भोळ्या बाईकडून आपण देवावर हात ठेवून खोटं वदवलं. त्यानं तिला लुगडं देऊ केलं.

"कशापायी, अण्णा?" ती म्हणाली. "माग हितं ऱ्हायले, तेवढं बास."

तिच्या तळहाताला शेंदूर होता. त्याला वर बघवलं नाही.

दगड परत नेणं आता शक्य नव्हतं. त्याच्यापुढं नारळ फुटू लागले होते. रोज त्याच्यासमोरून जाणंही होईना. दिवाळी झाल्यावर शिवयोगीनं माग सुटे केले आणि होटगीला नेले. कुणी विचारलं, तर जमीन स्वस्त आहे म्हणायचा. शेवटच्या दिवशी गंगम्मानं फडकं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि दगडाकडं न बघता घरी गेली.

अमावास्येच्या त्या दुपारी ती विसरलेलं फडकं न्यायला आली होती, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पहिला शेंदूर तिनंच लावला होता.