खोल्यांची अदलाबदल

"मी आज खोली बदलणार नाही," तिनं सांगितलं.

मामांनी हातमोजा अर्धा चढवला होता. तो तसाच राहिला.

प्रयोगशाळेत सशांच्या दोन खोल्या होत्या. एकीतल्या सशांचं खाणंपिणं ती बघायची, दुसरीतल्यांचं मामा. चाचणी संपली की सशांना शेवटचं इंजेक्शन द्यावं लागे, आणि त्या सकाळी दोघं खोल्यांची अदलाबदल करत. ज्यानं पोसलं त्यानं मारायचं नाही. नियम कुठं लिहिलेला नव्हता, म्हणूनच बहुधा तो कुणी कधी मोडला नव्हता.

मामा तसे कुणाचेच मामा नव्हते. केस पांढरे झाले तसे ते सगळ्यांचे मामा झाले.

"रजा काढून नीतिशास्त्राची एम.ए. करून आलीस," ते म्हणाले. "मला वाटलं, आता सशाची परवानगी घेऊन सुई टोचशील. हे काय भलतंच डोक्यात घेतलंस?"

"माझे ससे मला ओळखतात, मामा. तुम्ही आत गेलात की कोपऱ्यात दडतात. त्यांच्या काळजाचे ठोके मोजून बघा. निदान शेवटी तरी त्यांना अनोळखी हात नको."

"आणि आपल्याला काय वाटतं ते?"

"अदलाबदल आपल्यासाठीच होती. त्यांच्यासाठी नव्हती."

खोलीचं तापमान वाचून दाखवावं तसं ती हे बोलली. घरून निघताना तिनं स्वतःला चाचपून पाहिलं होतं. भीती, वाईट वाटणं, काहीतरी असायला हवं होतं. हाताला काही लागलं नाही.

"एवढं शिकून हेच मिळालं तुला?"

तिनं जरा विचार केला. "हो. हेच."

मामा स्टुलावर बसले. हातमोजा काढून त्यांनी मांडीवर ठेवला, बोटं एकेक सरळ केली.

"म्हणजे माझे मीच मारायचे," ते म्हणाले. "तुझी पदवी तुला लखलाभ, बाई, पण मला नाही जमायचं. तो ठिपकेवाला ससा, पिंजरा उघडला की बाहीत डोकं खुपसतो गं माझ्या."

सगळा विचार तिनं नीट, पायरीपायरीनं केला होता. सशांच्या बाजूनं केला होता, चाचणीच्या बाजूनं केला होता, स्वतःलाही सोडलं नव्हतं. मामांना मात्र त्यात कुठंच धरलं नव्हतं.

"आधी माझे आटोपते," ती म्हणाली.

तिच्या खोलीत पिंजऱ्याची कडी वाजली की ससे पुढं येत. आजही आले. एकही दडला नाही. ती एकेकाला उचलून टेबलावर घेई, कानाची शीर बोटानं चोळून वर आणी, सुई घाली. मग छातीला स्टेथोस्कोप लावून, आत काही ऐकू येईनासं होईपर्यंत थांबे. मध्येच एकदा तिला तहान लागली. हात धुऊन ती पाणी प्यायली आणि पुढचा पिंजरा उघडला.

काम संपवून ती दुसऱ्या खोलीत गेली. मामा ठिपकेवाल्याला छातीशी धरून उभे होते; बाकीचे पिंजरे अजून बंदच होते.

"घे. घेऊन जा याला लवकर," ते म्हणाले.

तिनं हात पुढं केले. सशानं अंग चोरलं आणि नाक मामांच्या काखेत घातलं. तिनं हात मागं घेतले.

"तुम्हीच धरा. मी फक्त टोचते."

"मी बघणार नाही हं."

"नका बघू."

मामांनी ससा टेबलावर ठेवला, एक हात त्याच्या पोटाखाली राहू दिला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. दुसरा हात पाठीवरून फिरू लागला. "काही नाही रे, काही नाही," ते पुटपुटत होते. "लबाड आहेस तू. काल सगळं पाणी सांडून ठेवलंस. आता कोण पुसणार ते, मीच ना? गाढवा."

सुई गेली तेव्हा ससा हललाही नाही. तिनं स्टेथोस्कोप बरगड्यांवर टेकवला. ठोके विरळ झाले, अडखळले, थांबले. तरी तिनं खात्री होईपर्यंत कान लावून ठेवला. मग नळ्या कानांतून काढल्या.

मामांचा हात फिरतच होता. मानेपासून शेपटीपर्यंत, पुन्हा मानेपासून.

"झालं का?" भिंतीकडे बघतच त्यांनी विचारलं.

तिनं सुई ट्रेमध्ये ठेवली, आवाज होऊ न देता.

"अजून थोडा वेळ धरा," ती म्हणाली.