रांगेत पाच हजार

हॉस्पिटलची नवी हेल्पलाइन उद्या सुरू व्हायची होती. तृप्ती सकाळपासून तिच्या सर्व्हरवर एकदम पाच हजार खोटे कॉल सोडून तो कोसळतो का ते बघत होती. चौथ्या फेरीत तो कसाबसा तगला. तिची मान आखडली होती, डब्यातली भेंडी तशीच पडून होती.

तिने खोटे कॉल तोडले. पडद्यावरचा चालू कॉलचा आकडा शून्यावर यायला हवा होता. तो एकावर अडला.

"आता काय काढलंस बाबा!" ती सर्व्हरवरच करवादली. चूक राहिली असणार, म्हणजे पाचवी फेरी. हेडफोन चढवून तिने तो कॉल उचलला.

"लागला बाई एकदाचा!" पलीकडून एका आजींचा आवाज आला. "कार्डावर हा नंबर छापलाय, म्हणून लावला. दोन तास एक बाई सारखी सांगतेय, तुमच्यापुढं पाच हजार जण आहेत."

"सॉरी, आजी. सांगा, काय हवं होतं?"

"ह्यांच्या मोतीबिंदूची तारीख. ते होईल गं सावकाश." आजी घुटमळल्या. "पण पोरी, एवढी माणसं आजारी... सगळ्यांचं झालं ना बघून?"